बंदुकीवरच्या अक्षता

बन्सीधरनं भरदुपारी बायकोवर बंदूक रोखली, अशी बातमी मागच्या महिन्यात आमच्या गल्लीतून निघाली आणि जिंतूरच्या बसस्टँडवर पोचेस्तोवर तिनं पार्वतीवहिनीला दवाखान्यातसुद्धा टाकलं. खरं एवढंच, की बंदूक होती, उंबरा होता आणि उंबऱ्याच्या दोन बाजूंना नवराबायको उभे होते. रोखलं कुणी कुणावर काही नव्हतं. मी तिथंच भिंतीला टेकून उभा होतो. मी हजर नाही अशी भानगड आमच्या गल्लीत सहसा होत नाही.

पार्वतीवहिनी माझी शेजारीण, बन्सीदादाची बायको. घरात नवी वस्तू आली की तिचं ताम्हन बाहेर निघतं. कुकर आला, कुंकू लावलं. फवारणीचा पंप आला, नारळ फोडला. मोबाईल आला तेव्हा चार्जिंगच्या भोकात इतकी हळद गेली, की दुकानदारानं विचारलं, हा लग्नातून आला का? दुसऱ्याच्या दारात नवी मोटारसायकल उभी राहिली तरी बोलावणं वहिनीलाच. माझ्या नव्या संडासाच्या दारालाही तिनंच ओवाळलं. तांदूळ टिपायला आठवडाभर चिमण्या आत यायच्या आणि मी बाहेर खाकरत उभा.

दादाचं शेत डोंगराच्या कडेला. ज्वारी निसवली की रानडुकरं उतरतात, एका रात्रीत अर्धा एकर लोळवतात. वहिनीनं आपली जुनी लुगडी कुंपणाभोवती बांधली. डुकरांनी ती पाहिली आणि खालून आत गेली. मग वहिनी रात्रभर शेतातल्या माळ्यावर बसून पत्र्याचं डबडं बडवायची. थंडीनं तिला खोकला लागला तरी उतरेना. दादाला ते बघवेना. त्यानं शेतरक्षणाच्या परवान्यासाठी इतके हेलपाटे घातले, की कचेरीतला शिपाई त्याला पाव्हणा म्हणायला लागला.

"जीव घ्यायची वस्तू घरात नको," वहिनी म्हणाली.

"जीव कुणाला घ्यायचाय? नुसता हवेत बार काढायचा. डबड्याचं काम बंदूक करील. तू घरी शेकत बस."

अखेर परवाना आला आणि आम्ही दोघं शहरात जाऊन एकनळी बंदूक घेऊन आलो. एसटीत दादानं ती मांडीवर आडवी घेतली होती, लेकीचं पहिलं बाळ घेऊन निघाल्यासारखी. खड्डा आला की हात खाली धरायचा.

दारात वहिनी तयारच. दस्त्याला हळदीकुंकू, नळीला लाल दोरा, निरांजनानं ओवाळणं झालं आणि मूठभर अक्षता वरून. दिवस मावळायला आम्ही सगळे शेतात. दादानं काडतूस भरलं, नळी आभाळाकडे केली, डोळे मिटले आणि चाप ओढला.

टक्.

पुन्हा ओढला. पुन्हा टक्. काडतूस बदललं. टक्. पलीकडच्या ज्वारीत एक डुक्कर उभं होतं, ते आमच्याकडे बघून पुन्हा खायला लागलं.

शेजारच्या शेतातला मुंजाजी मोठ्यानं म्हणाला, "बसली का बंदूक? काकूनं हळदीनं लिंपून टाकली की! नळीत तांदूळ असतील, भात शिजवा आता." सगळे हसले. वहिनीच्या हातातलं ताम्हन पदराखाली गेलं.

दादा एकदम बोलला, "तिचं काय न्हाई त्यात. बसस्टँडवर उतरताना माझ्या हातून पडली."

पडली नव्हती. मी शेजारीच बसून आलो होतो. पण आयुष्यात पहिल्यांदाच मी तोंड मिटून घेतलं. घरी आल्यावर वहिनीनं मला चुलीपाशी बोलावलं.

"भावजी, खरंच पडली?"

"पडली की."

"मग ओरखडा कुठंय?" तिनं बंदूक दिव्यापाशी सगळी चाचपली होती. "ह्यांना लबाड बोलता येत न्हाई. माझ्यासाठी बोलले. म्हंजे कसूर माझाच."

त्यानंतर ताम्हन फळीवर पालथं पडलं. मुंजाजीनंच नवी मोटारसायकल आणली आणि निर्लज्जासारखा बोलवायला आला, तर म्हणाली, "दुसरं कुणी बघ बाबा, माझा हात बरा न्हाई." आणि डबडं घेऊन पुन्हा माळ्यावर. तिचा खोकला गल्लीपर्यंत ऐकू यायचा. दादा माळ्याखाली नुसता बसून राही. मला म्हणायचा, "लिंब्या, डुकरं खाऊ दे, पण हिचं हे बघवंना."

म्हणून आम्ही बंदूक घेऊन परत शहरात गेलो. दुकानाच्या म्हाताऱ्या मिस्त्रीनं ती उघडली. नळीतून खरंच दोन तांदूळ निघाले. दादाचा चेहरा पडला. मिस्त्रीनं तांदूळ फुंकून टाकले.

"ह्यानं काय होत नाही. काडतुसाच्या बुडाला ठोकते ना, ती पिनच आखूड हाय. कारखान्यातूनच तशी आली. खोक्यातून काढली तवाच मुकी होती ही."

"हळदीनं न्हाई ना?"

"हळदीनं बंदूक बिघडली असती तर दसऱ्याला सगळ्या फौजेच्या बिघडल्या असत्या."

दादानं तिथूनच घरी फोन लावला आणि मिस्त्रीच्या कानाला दिला. "अम्मा," मिस्त्री म्हणाला, "तुमचा काय कसूर नाही." वहिनी तिकडून म्हणाली, "ह्यांनीच शिकवलं ना तुमाला असं बोलायला?" आणि फोन ठेवला.

नवी पिन बसवून आम्ही परतलो. दादा उंबऱ्याबाहेर बंदूक घेऊन उभा राहिला.

"आत या की."

"ओवाळल्याशिवाय येत न्हाई."

"लोक बघायलेत."

"बघू दे."

हाच तो प्रसंग. सायकलवरून जाणाऱ्या कुणीतरी एवढंच पाहिलं आणि पुढचं स्वतः रचलं.

दादाचे पाय दुखायला लागले, तो दाराच्या चौकटीला टेकला, पण आत पाऊल टाकेना. शेवटी वहिनीनं फळीवरचं ताम्हन काढलं, पदरानं पुसलं. दस्त्याला कुंकू लावलं. अक्षता टाकायची वेळ आली तेव्हा तिनं त्या दादाच्या डोक्यावर टाकल्या. दादानं मान हलवली, बंदूक पुढे केली. "इथंबी टाक. पयल्यावानी, मूठभर." तिनं डोळे मिटून टाकल्या.

दिवस मावळायला दादा एकटाच शेतात गेला. वहिनी अंगणात उभी, मी कुंपणापाशी. कानात जीव आणून ऐकत होतो. आणि धडाम्! डोंगरावरून आवाज परत आला, गल्लीतली कुत्री भुंकायला लागली, बगळे उडाले. वहिनी खाली बसली आणि रिकामं ताम्हन छातीशी धरून हसत रडली.

दुसऱ्या दिवशी मुंजाजीची मोटारसायकल तिच्या दारात होती, चाकाखाली लिंबू. डबडं न्हाणीत पाणी तापवायला गेलं.

मला राहवेना. म्हणालो, "वहिनी, आता बंदुकीच्या नळीत तेवढे तांदूळ टाकू नका बरं का, पुन्हा आवाज बंद पडायचा."

ती मोटारसायकलला कुंकू लावत होती. मान वर न करता म्हणाली, "अक्षतांनी आवाज बंद पडत असता, तर भावजी, मी आधी तुमच्या तोंडात टाकल्या असत्या."