आबानं आखूड केलेली शेगडीची कॉईल

शेगडीची कॉईल तुटली का पीळ मारून जोडाची, हे आमच्या म्हाताऱ्याले कोनं शिकवलं? दरखेपी जळका तुकडा तोडून फेकते, उरलेली जोडते आन् वरून म्हनते, "पाय, पयल्यापेक्षा लाल झाली!"

बरं, आता राम राम सगळ्याईले.

आज सकाळी नातवाच्या लेकीच्या आंघोळीचं पानी त्याच शेगडीवर ठेवलं. सॉकेटातून जळका वास सुटला. अन् शेगडीची वायर जाते पाळन्यावरून!

माही नात कोमल आयटीआयत इलेक्ट्रिशियनचं शिकते. तिनं मीटर लावला. "आजी, व्होल्टेज दोनशे, करंट आठ अँपिअर. दोनशेले आठनं भागलं तं रेझिस्टन्स पंचवीस ओहम. नव्या कॉईलीचा याच्या दुप्पट रायते. आन् दोनशे गुनिले आठ म्हंजे सोळाशे वॅट. आपलं सॉकेट सहा अँपिअरचं हाये!"

"मी दुसरीतून शाळा सोडली, बाई. मले सोपं करून सांग."

"कॉईल आखूड केली का रेझिस्टन्स, म्हंजे करंटले होनारा अडथळा, कमी होते, करंट वाढते आन् वायर तापते."

म्हातारा म्हने, "पन पानी तं लवकर तापते ना!"

"आबा, घरबी लवकर पेटन."

म्हातारा उठला आन् नवी कॉईल घेऊन आला. पानी निवांत तापलं. पोरगी आंघोळ करून पाळन्यात झोपली. सॉकेटाले हात लावून पायला, थंडगार.

तुमच्या घरी कितीदा जोडेल कॉईल हाये? बायाईनं मधात बोलू नये. ज्यानं जोडली, त्यानंच खाली लिवाचं.