वावटळीतला टॅक्सीवाला

आमच्या हिच्या अस्थी मांडीवर घेऊन सिंगापूरच्या समुद्राकडे निघालो होतो. मुलगा पुढच्या गाडीत. माझा टॅक्सीवाला तमिळ, मोडकं हिंदी बोलणारा, सारखी आरशावरची माळ सरळ करणारा. एकाएकी पाण्यावरून वावटळीची काळी सोंड रस्त्याकडे आली.

"पुलाखाली घ्या!" मी ओरडलो.

"नो लाह, अंकल," तो तिथल्या सिंगापुरी लकबीत म्हणाला. "तिथं वारा जास्त." त्यानं गाडी कडेला लावली. "बेल्ट लावलेलाच राहू दे. डोकं काचेच्या खाली, हात डोक्यावर!"

अस्थिकलश खाली ठेवायचा नसतो. मी तो दोन्ही हातांनी धरून बसलो.

"अंकल, तिला आता काही होत नाही. तुमचं डोकं सांभाळा."

मी कलश पायाशी ठेवला आणि वाकलो. काचा फुटून पाठीवर आल्या. दोघं वाचलो; मुलाची गाडी आधीच पुढे निघून गेली होती.

घरचं कुणी इतकं सरळ बोललं नव्हतं. ती मेली, हे मला त्या टॅक्सीत कळलं. आता रोज कळतं.