मातीअण्णांची तार

कोणाच्या घरी विजेचं काम निघालं की बाकीचे वायरमन आधी भिंती बघत. आमचे अण्णा आधी जमीन बघत. परसात उकिडवे बसायचे, मूठभर माती चुरायचे आणि ओल मनासारखी नसली की मान हलवून म्हणायचे, "बेड, बेड, नगं. हितं न्हाय जमायचं." मूळचे मैंदर्गीचे, घरी कानडी बोलणारे; मराठीतलं भांडण रंगात आलं की नकळत कानडीत शिरायचे. सोलापुरात गिरणीत विजेचं काम शिकलेले. आमच्या पेठेत त्यांना सगळे मातीअण्णाच म्हणत. खरं नाव विचारायचं कोणाला सुचलं नाही, मलाही नाही.

तिसाव्या सालानंतरची गोष्ट. मी नुकतीच लग्न होऊन आले होते. घरचा सगळा स्वयंपाक मामंजींच्या थोरल्या बहिणीच्या हातचा. त्या बालविधवा, सगळे त्यांना आत्याबाई म्हणत. चुलीच्या धुरानं त्यांच्या डोळ्यांचं पार पाणी झालं होतं, म्हणून मुंबईच्या दिरांनी विजेची चूल पाठवली. वर दोन तवे, खाली भट्टी, आणि वजन असं की हमाल घामाघूम झाले. गल्लीतल्या बायका काही ना काही निमित्त काढून ती बघून गेल्या.

अण्णांनी ती बसवायला तीन दिवस घेतले. दिव्याच्या तारेला ही पेलायची नाही, म्हणून मीटरपासून वेगळी जाड तार आणली, तिचा फ्यूज वेगळा केला, आणि खटका चुलीपासून दूर, कोरड्या भिंतीवर घेतला. मग परसात न्हाणीशेजारी खोल खड्डा खणला. त्यात तांब्याची प्लेट, तिच्याभोवती कोळसा नि मीठ. तिथून एक तार भिंतीतून थेट चुलीच्या पायापर्यंत. मी विचारलं, "अण्णा, हिच्यातून वीज येते?"

"येत न्हाय वैनी, जाती. विजेला मातीची ओढ लई. कुटं बाहेर सांडली तर तिला माहेरची वाट पायजे. वाट दिली तर गप जाती. न्हाय दिली तर माणसातनं जाती की."

खड्डा वाळू नये म्हणून त्यावर रोज दोन घागरी पाणी घालायचं काम त्यांनी माझ्याकडे दिलं. आत्याबाईंना मात्र त्यांनी निराळंच बजावलं: पायाखाली लाकडी पाट, आणि ओलेत्यानं हिच्याजवळ यायचं नाही. "आत्याबाई, वीज सोवळं मानत न्हाय."

"तू तुझी तार सांभाळ अण्णा, मी माझं सोवळं सांभाळते," आत्याबाई म्हणाल्या, आणि ओसरीवर त्यांच्यापुढे भाकरी नि शेंगाचटणी ठेवली. दोघांचं असं छान जमायचं.

चूल बसली, गोमूत्र शिंपडून स्वयंपाकघर शुद्ध झालं, आणि अण्णांना उंबरा बंद झाला. चौथ्या दिवशी आत्याबाई ती तार न्याहाळत बसल्या होत्या. म्हणाल्या, "ही न्हाणीच्या मातीतून माझ्या चुलीला लागते. हिच्यातून वीज जाते ना? मग विटाळ यायला कितीसा वेळ?" सांडशीनं त्यांनी पायाचा नट ढिला केला आणि तार सोडवून भिंतीशी ठेवली. मी तिथेच कोथिंबीर निवडत होते. नव्या सुनेनं बोलू नये, म्हणून गप्प बसले.

अण्णांचा एक नेम होता: हात लावून बघितल्याशिवाय काम झालं म्हणायचं नाही. पंधरा दिवसांनी ते आले आणि उंबऱ्याबाहेरूनच त्यांनी विचारलं, "तार हाय न्हवं जागेवर? मी बघून जातो."

"आहे रे बाबा, आहे," आत्याबाई आतून म्हणाल्या. त्यांच्या सोवळ्याचा मान राखून अण्णा परत गेले.

श्रावणातला सोमवार होता. सोवळं वाळलेलं नव्हतं, म्हणून आत्याबाई ओलेत्यानंच उभ्या होत्या. दूध उतू जाऊन तव्यात शिरलं. त्या पातेलं उतरवायला धावल्या आणि त्यांचा हात चुलीला टेकला. मी किंचाळले. ह्यांनी येऊन खटका बंद केला, पण आत्याबाई गेल्या होत्या.

मामंजींना सुटलेली तार दिसली. सगळ्यांना बाहेर काढून त्यांनी ती स्वतः जोडली आणि मला म्हणाले, "गेलेल्या माणसावर बोल नको. शपथ आहे तुला माझी."

अण्णा दुसऱ्या दिवशी आले. आता सुतक होतं, सोवळं नव्हतं, तेव्हा स्वयंपाकघर त्यांना उघडं झालं. त्यांनी तार ओढून पाहिली: घट्ट. चूल वाळली होती. चालू करून पाहिली तर कुठे काही दोष नाही. मग परसात जाऊन त्यांनी तो अख्खा खड्डा पुन्हा उकरला. प्लेट वर काढली, धोतराच्या सोग्यानं पुसली, उलटसुलट करून बघत राहिले. मला म्हणाले, "पाणी रोज पडत हुतं न्हवं, वैनी?"

"हो," मी म्हटलं.

"मग माझंच कुटंतरी चुकलं." एवढा गडी माणूस, प्लेट मांडीवर घेऊन हुंदके देऊन रडला. मी दारात उभी होते. एक वाक्य बोलायचं होतं, आणि मी ते बोलले नाही.

त्यांनी वायरमनचं काम सोडलं. आपल्या हातानं बाई मेली असं जो विचारील त्याला सांगत, आणि मग गाव सोडून मैंदर्गीला शेतावर गेले. शपथेमुळे मी बोलले नाही असं मी स्वतःला सांगत आले. खरं म्हणजे शपथ मला सोयीची होती. बोलले असते तर मी पाहत बसले होते हेही सांगावं लागलं असतं.

मामंजी गेल्यावर मी मैंदर्गीला गेले. अण्णांना जाऊन वर्ष झालं होतं. घरी त्यांची बायको होती. मी कुठली ते सांगितल्यावर तिनं मला घोंगडीवर बसवलं, पाणी दिलं. मग म्हणाली, "लई इचार करायचे वो. जेवताना मधीच हात थांबायचा. कुटं चुकलं, कुटं चुकलं, एवढंच. तुमाला काय ठावं हाय का?"

मी सगळं सांगितलं. सांडशीपासून शपथेपर्यंत. ती चिडली नाही. पदरानं तिनं तोंड पुसलं.

"मग तवाच सांगायचं की, बाई," ती म्हणाली. "मानूस सात वर्सं जित्ता हुता."