ताईच्या गावावरची रंगीत वर्तुळं

दिवाळीनंतर डहाणूकडे ताईच्या सासरी जमीन सारखी हादरू लागली. घरातली माणसं अंगणात ताडपत्रीखाली झोपायची. मी तिथून दूर, पेणकरपाड्यातल्या आमच्या फ्लॅटमध्ये बसून त्याच जमिनीचा अभ्यास करत होते. उपग्रह रडारच्या लहरी खाली सोडतो आणि परत येणाऱ्या टिपतो. हादऱ्याआधीच्या आणि नंतरच्या लहरी ताडून पाहिल्या की जमीन कुठे उचलली, कुठे खचली ते रंगांच्या पट्ट्यांत उमटतं.

एका दुपारी ताईच्या गावावर रंगांची वर्तुळं उमटली. म्हणजे तिथली जमीन उचलली किंवा खचली असावी. लगेच माझ्या मार्गदर्शक सरांना फोन लावला.

"हवेतल्या ओलाव्यानेही असं दिसतं," ते म्हणाले. "उपग्रहाची पुढची फेरी होऊ दे. तोवर कुणाला काही सांगू नकोस."

फोन ठेवते न ठेवते तोच ताईचा आला.

"अगं, तीन-चार दिवस हादरा नाही. सासूबाईंना थंडी सोसत नाहीये. आज घरात झोपू ना?"

"नको."

"काही दिसलं का तुला?"

काय सांगणार? "नक्की माहीत नाही गं. पण आत जाऊ नका."

मागून तिच्या सासूबाईंचा आवाज आला, "एवढं शिकली आणि नक्की माहीत नाही?"

त्या रात्री सगळे बाहेरच झोपले. दुसऱ्या दिवशी सकाळी मोबाइलवर हादऱ्याची बातमी आली आणि ताईचा फोन लागेना. नवऱ्याने गाडी काढली. चेणे गाव मागे पडलं, पुढे खाडीपुलावर ट्रकांची रांग. मी नंबर लावतच होते. पुलावर असताना ताईचा फोन आला.

"मागच्या खोलीची भिंत पडली. सासूबाई तिथेच झोपतात. सगळे बाहेर होतो, बरे आहोत."

 मी फोन नवऱ्याच्या कानाला लावला.

ताई आणि सासूबाईंना आम्ही आमच्याकडे घेऊन आलो. पुढच्या फेरीत मात्र वर्तुळं गायब होती. तो ओलावाच होता. भिंत आधीच खिळखिळी झाली होती; हादरा तर इतका लहान की उपग्रहाला काहीच दिसलं नव्हतं. इकडे सासूबाई आमच्या हिंदी बोलणाऱ्या शेजारणींना सांगत होत्या, "इसने पहलेच देखा था."

शेवटी मी त्यांच्याजवळ बसले. त्या वालपापडी निवडत होत्या.

"मावशी, मला काही दिसलं नव्हतं. मी चुकले होते."

त्यांनी मान वर केली. "मग आत जाऊ नका का म्हणालीस?"

"भीती वाटली."

"बरं झालं वाटली," त्या म्हणाल्या आणि अर्ध्या शेंगा माझ्यापुढे सरकवल्या.