पेण ते रोहा प्रवासात गहाळ

अन्याय झाला तो एका नर्सवर. खांबकडच्या एका आदिवासी वाडीतली मुलगी, त्या वाडीतून नर्सिंगचा, म्हणजे जीएनएमचा, डिप्लोमा मिळवणारी पहिली. दिवस गणपती विसर्जनानंतरचा दुसरा सोमवार, सकाळचे सव्वाअकरा. जागा पेण-रोहा पट्ट्यातलं एक पोलीस ठाणं. अन्याय करणारे दोघे. एक पेणमधला एजंट आणि दुसरी मी.

नावं कोणाचीच देणार नाही, ठाण्याचंही नाही. पण तो सव्वाअकराचा सोमवार मी विसरलेले नाही, आणि विसरायचा माझा विचारही नाही.

मी एकोणिसाव्या वर्षी भरती झाले आणि वीस वर्षं पुरी झाली त्याच महिन्यात उपनिरीक्षक म्हणून स्वेच्छानिवृत्ती घेतली. आता नर्सिंग कॉलेजांच्या गेटवर उभी राहून पत्रकं वाटते. निवृत्त अधिकाऱ्यांच्या आठवणींत साहेब नेहमी बरोबर असतात आणि गुन्हेगार शेवटी रडतो. इथे तसं काही मिळणार नाही.

त्या वेळी मी हवालदार होते. त्या सकाळी ठाणे अंमलदाराच्या टेबलावर माझी ड्युटी होती. या टेबलावर रोज गहाळची माणसं येतात. कोणाचं लायसन्स हरवलं, कोणाचं रेशनकार्ड. अर्ज घ्यायचा, गहाळ रजिस्टरला नोंद करायची, पोचेवर सही-शिक्का मारायचा. ती पोच दाखवली की पुढच्या कार्यालयात दुय्यम प्रत मिळते. दोन मिनिटांचं काम. गुन्हा नाही, तपास नाही, त्यामुळे आमच्यातलं कोणी मान वर करून बघतही नसे.

ती मुलगी आली. पांढरी सलवार, पदवीदान समारंभाला जावं तशी घट्ट घातलेली वेणी. टाईप केलेला अर्ज पुढे ठेवला.

"काय हरवलं?"

"डिप्लोमा, मॅडम."

"कुठे?"

"एसटीत. पेण ते रोहा."

मी सही केली, शिक्का मारला. अजून काय गेलं, पर्स गेली का, फोन गेला का, हे काहीच विचारलं नाही. ती थरथरत होती. मला वाटलं, कागद गेला म्हणून असेल. पोलिसांपुढे खोटं बोलल्यामुळे माणूस तसाच थरथरतो, हे अकरा वर्षांच्या नोकरीत मला कळायला हवं होतं.

पुढे मार्चच्या सुरुवातीला मी मुलीच्या शाळेचे कागद झेरॉक्स करायला स्टँडजवळच्या दुकानात गेले. साध्या कपड्यांत होते. दुकानदाराने मान वर न करताच विचारलं, "गहाळचा अर्ज ना? फॉरमॅट तयार हाय. नाव तेवढं सांगा."

"कुठल्या गहाळचा?"

"डिप्लोमाचा. पेण ते रोहा." मग त्याने वर बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला. "मॅडम तुम्ही! अहो, मी फक्त टाईप करतो. पेणवरून एक जण पोरी पाठवतो. गिऱ्हाईक म्हटल्यावर मी काय विचारू?"

त्याला बोलायला मला तोंड नव्हतं. मी तरी काय विचारलं होतं?

ठाण्यात येऊन गहाळ रजिस्टर काढलं. वर्षभरात सात नोंदी. सातही मुली, सातही नर्सिंगच्या डिप्लोमाच्या, सातही पेण ते रोहा प्रवासात. शब्द न् शब्द तोच. एकीचीही पर्स हरवलेली नव्हती. सातपैकी चार नोंदींखाली माझी सही. 

दुसऱ्या दिवशी रोह्याजवळच्या वरसेला गेले. ती मुलगी तिथे एका खोलीत भाड्याने राहून रोह्यातल्या एका दवाखान्यात काम करत होती. त्या दिवशी तिची आई वाडीवरून आली होती. मजुरी करणारी बाई, दारातच तांदूळ निवडत बसली होती. मला बघून सूप खाली ठेवलंन आणि आत हाक मारलीन, "गो, पोलीस आयलेत!"

मुलगी बाहेर आली आणि भिंतीला टेकली. तिने पहिलं वाक्य काढलं ते हे: "मॅडम, मी खोटं लिहून दिलंय. मला आत घालणार ना?"

मग सगळं बाहेर आलं. आखातातल्या एका रुग्णालयाने तिला नोकरी देऊ केली होती. त्यासाठी मूळ डिप्लोमाच्या पाठीवर शिक्के लागतात: आधी राज्य सरकारचा, मग दिल्लीच्या परराष्ट्र खात्याचा, मग त्या देशाच्या वकिलातीचा. याला सगळे अटेस्टेशन म्हणतात. एजंट तिला म्हणाला, मूळ दाखला तीन-चार महिने अडकतो, तोवर दवाखान्यात काय दाखवशील? पोलिसांत हरवला म्हणून सांग, दुय्यम प्रत काढ, ती घरी ठेव. मूळ माझ्याकडे दे.

ऐकायला किती शहाणपणाचं! तिने तसंच केलं. महिने गेले. जानेवारीत ती दाखला मागायला पेणला गेली तर एजंट हसला. "कुठला दाखला? तो तर तुझा एसटीत हरवला. पोलिसांचा शिक्का हाय त्याच्यावर. मी देऊ कुठून?"

तिने दुय्यम प्रत शिक्क्यांसाठी पाठवून बघितली, ती परत आली. या क्रमांकाचा दाखला आधीच साक्षांकित झालेला आहे, असा शेरा. म्हणजे तिच्या मूळ दाखल्यावर खरे शिक्के बसले होते आणि तो एजंटच्या हातात होता. रुग्णालयाने मार्चअखेरची मुदत दिली होती. शिक्क्यांसह मूळ दाखला दाखवला नाही तर जागा दुसरीला.

"तक्रार दे," मी म्हणाले.

"तो म्हणाला, तक्रार केलीस तर आधी तू आत जाशील. सही तुझीच आहे म्हणाला."

आई मधेच म्हणाली, "बाय, तू कायतरी कर, पन पोरीचं नाव नको घालू. तिला शाळेत घालताना लोक हसले आमाला. आता पुन्ना हसतील."

मी साहेबांकडे गेले. आमचे निरीक्षक कमी बोलणारे गृहस्थ. त्यांनी रजिस्टर उलटंसुलटं केलं. "चार सह्या तुझ्या आहेत. गुन्हा दाखल झाला तर पहिला जबाब तुझा लागेल. चौकशी न करता नोंद केली, असं लिहून द्यावं लागेल. विचार कर."

मला घरी मुलगी होती, कमावती मी एकटीच होते. खोटं कशाला सांगू, मी दोन दिवस विचार केला. त्या दोन दिवसांची लाज मला चार सह्यांपेक्षा जास्त वाटते. तिसऱ्या दिवशी जबाब दिला. मुलीनेही फिर्याद दिली.

एजंटला चौकशीला बोलावलं. इस्त्रीचा शर्ट, हातात फाईल, ठाण्यात यायची सवय असल्यासारखा बसला. साहेबांनी विचारलं तसा त्याने माझ्याच पोचेची प्रत टेबलावर सरकवली.

"साहेब, दाखला हरवलाय असं तुमचंच ठाणं सांगतंय. सही ओळखा. ह्या मॅडमचीच ना?" मग माझ्याकडे वळून, "काय मॅडम, तुमचा शिक्का खोटा असतो काय?"

 त्याला सोडावं लागलं. दाखला त्याच्याकडे कधी होता, याचा कागदोपत्री पुरावा आमच्याकडे नव्हता. साहेबांनी राज्याच्या कार्यालयाला आणि मुंबईतल्या अर्ज जमा करून घेणाऱ्या केंद्राला पत्रं पाठवली: या क्रमांकाचा डिप्लोमा कोणी, कधी जमा केला?

उत्तराची वाट बघायचे ते दिवस सगळ्यात वाईट. झडती घ्यायची तर कुठे? चुकीच्या दारावर गेलो तर त्याला कळेल आणि योग्य दारामागचे कागद राख होतील. मी बारनिशीच्या टेबलाकडे दर तासाला जात होते. टपाल आलं का विचारायला लागले की लिपिक म्हणायचा, "ताई, आता तूच पोस्टमन हो."

चौथ्या दिवशी मुलीची आई ठाण्यात आली. खांबपर्यंत चालत, पुढे रिक्षाने. हायवेचं काम चालू होतं, पायापासून डोक्यापर्यंत धुळीने लाल. बाकड्यावर बसली नाही, जमिनीवर बसली.

"त्याचा फोन आलता. म्हनलान, कागद चुलीत घालीन. आनि पोरीचं नाव सगल्या दवाखान्यांत सांगेन, खोटारडी हाय म्हनून." तिने माझ्या पायाला हात लावला. "केस मागे घे गो बाय. मला पैसा नको, परदेश नको. तिचा कागद तेवढा ऱ्हावदे."

मी तिला उठवलं. काय बोलले ते आठवत नाही. खरं सांगायचं तर मलाही तेच वाटत होतं, की केस मागे घ्यावी.

उत्तर सहाव्या दिवशी आलं. एकच पान. साहेबांनी वाचलं, माझ्याकडे दिलं, आणि एजंटला परत बोलावलं. या वेळी साहेब त्याच्याशी अगदी गोडीने बोलले.

"तर तुमचं म्हणणं, दाखला त्या सोमवारी हरवला."

"शंभर टक्के. तुमचं रजिस्टर बघा ना."

"मग लिहून द्या की. तेवढंच आम्हाला बरं."

त्याने लिहिलं, झोकात सही केली. साहेबांनी त्याच्यापुढे केंद्राचं पत्र ठेवलं. सोमवारी हरवलेला डिप्लोमा त्याच आठवड्यातल्या गुरुवारी केंद्रात जमा झाला होता. सोबत मुलीचं अधिकारपत्र, आणि जमा करणाऱ्याची सही. हीच, झोकातली.

"गुरुवारी काय जमा केलंत?"

"...सापडला असेल मधे."

"कोणाला?"

"तिलाच."

"बरं. मग सापडलेला दाखला शिक्के मारून तुमच्याकडे परत आला. आता कुठे आहे?"

तो पाणी प्यायला. मग एकदम म्हणाला, "साहेब, मी एकटा नाय हाय यात." इथून पुढे त्याला थांबवावं लागलं, विचारावं लागलं नाही.

कागद मेहुण्याकडे आहेत, म्हणाला. हा मेहुणा पेणजवळच्या डोलवीत राहायचा, कंत्राटी कामाला. दुपारी दोन पंच घेऊन गेलो तेव्हा तो शिफ्टला गेला होता. मेहुण्याची बायको दार उघडून बाजूला झाली. कागद गॅसच्या शेगडीखाली होते, वर्तमानपत्रात गुंडाळलेले. तिथेच का ठेवले, हे कोणाला विचारावं लागलं नाही.

सहा डिप्लोमे. पाठीवरचे शिक्के सगळे खरे. दोन दाखल्यांवरची दर्शनी बाजूची नावं औषधाने पुसलेली होती. तेवढा भाग मऊ आणि पिवळट पडला होता. तिथे दुसऱ्या कोणाचं तरी नाव छापायचं होतं, जिने कधी वॉर्डात पाऊल टाकलेलं नाही. सातवा डिप्लोमा तिथे नव्हता. तो कोणाच्या तरी बॅगेतून समुद्रापार गेला होता. नर्सिंग न शिकलेली कोणी बाई तिकडे कोणाच्या तरी शिरेत सुई घालत होती. ती सापडली नाही. आजही कुठल्या रुग्णालयाची बातमी ऐकली की मला पहिली तिची आठवण येते.

आमच्या मुलीचा दाखला शाबूत होता. नाव स्पष्ट, तिन्ही शिक्के स्वच्छ. मार्चअखेरला आठ दिवस होते.

तिला ओळख पटवायला बोलावलं. तिने कागद बघितला आणि पहिल्यांदाच हसली. "हाच मॅडम! माझाच." आणि घ्यायला हात पुढे केला.

मी तो हात बाजूला सारला. कागद मुद्देमाल झाला होता. पाकीट, लाखेचा शिक्का, पंचांच्या सह्या, कपाट. कोर्टाच्या हुकमाशिवाय तो कोणालाही देता येत नाही.

"म्हंजे आता तो तुमच्याकडे हाय?" तिने विचारलं.

"हो."

"मग मिळेल ना?"

आम्ही दुसऱ्याच दिवशी तिला कोर्टात अर्ज करायला लावला. एजंटच्या वकिलाने हरकत घेतली. तारीख पडली. मार्च संपला. जागा दुसरीला गेली. दाखला तिच्या हाती पडला तेव्हा भातं कापून झाली होती. ती आजही त्याच दवाखान्यात आहे, वरसेत त्याच खोलीत. भेटली तर बोलते, नीट बोलते. त्याचाच मला त्रास होतो.

माझी एक वेतनवाढ रोखली. कमी शिक्षा झाली.

या केसने मला जे शिकवलं ते पोलीस प्रशिक्षणात कोणी सांगितलं नव्हतं. कुलूप फोडायची त्या माणसाला गरज नव्हती. त्याने आधी त्या मुलींकडून एक छोटं खोटं लिहून घेतलं आणि मग त्याच खोट्याने त्यांना बांधून टाकलं. शिक्का आम्ही पुरवला. भीती फुकट मिळाली. आणि मी सांगते, आजही कुठल्या तरी टेबलावर कोणी तरी मान वर न करता पोचेवर सही करत असेल.

म्हणून हे वाचणाऱ्यांनो, तुमच्याकडून मला हवं आहे ते ऐका. मूळ दाखला एजंटला देऊ नका. स्वतः जमा करा आणि स्वतः परत आणा. दिला असेल तर उद्याच मागा, आणि नकार मिळाला तर त्याच दिवशी ठाण्यात जा. हरवल्याचं खोटं लिहून दिलं असेल तर तेही पहिल्याच वाक्यात सांगा. त्या सातजणींपैकी एकीवरही आम्ही गुन्हा लावला नाही. त्या फिर्यादी आणि साक्षीदार होत्या. टेबलावरच्या माणसाने लिहून घ्यायला टाळाटाळ केली तर त्याच्या साहेबांकडे जा, तिथे नाही ऐकलं तर लेखी अर्ज देऊन पोच मागा. घाबरू नका असं मी म्हणणार नाही, मीही घाबरले होते. घाबरत या. पण कागद शेगडीखाली जायच्या आधी या.