पाच खेळाडूंची उंची

बीसीएच्या पहिल्या वर्षाची प्रॅक्टिकल परीक्षा होती. चिठ्ठी उचलली, प्रश्न वाचला आणि मला हायसं वाटलं. पाच खेळाडूंची नावं आणि उंची स्ट्रक्चरमध्ये, म्हणजे दोन्ही एकत्र ठेवणाऱ्या खणात घ्या, उंचीप्रमाणे चढत्या क्रमानं लावून दाखवा. सॉर्टिंग, हे असं क्रमानं लावणं, तर मीच माझ्या मैत्रिणीला शिकवलं होतं. ती बाभुळगावच्या पुढच्या तांड्यावरची, मी बाभुळगावची. रोज एकाच एसटीनं यवतमाळला यायचो. मांडीवर वही ठेवून मी तिला लूप, म्हणजे तेच काम फेऱ्याफेऱ्यांनी करवून घेणं, समजावायचे. तिला ते शेवटपर्यंत कळलं नाही, म्हणून तिनं जर्नलमधले सगळे प्रोग्राम पाठ केले.

माझा प्रोग्राम पहिल्याच झटक्यात चालला. एकही एरर नाही. उंच्या ओळीनं लागल्या. मग मी नावं बघितली. ती मी टाकली तशीच्या तशी होती. पहिल्या खेळाडूला मी एकशे ऐंशी सेंटिमीटर दिले होते. त्याच्यासमोर आता एकशे बावन्न होतं.

उंच्या नीट लागल्यात म्हणजे सॉर्टिंग बरोबर, चूक छापण्यात असणार, असं मी धरून बसले. छापायचा भाग पुसून पुन्हा लिहिला. तेच. लूप एका फेरीनं कमी केला, तर एक उंची लागायचीच राहिली. पुन्हा वाढवला. नावासाठी वीस अक्षरांची जागा होती, ती पन्नास केली. तेच. घाईत ओळीशेवटचे सेमीकोलन सुटायला लागले, आणि मघापर्यंत चालणारा प्रोग्राम चालेनासा झाला. शेजारच्या रांगेत मैत्रीण सही घेऊन उठली.

बाहेरून आलेले परीक्षक माझ्या मागे येऊन थांबले. वयस्कर होते, आवाज मऊ होता.

"बेटा, तू उंची हलवली. माणसाले कोण हलवणार?"

मी "हो सर" म्हटलं. मला काहीही कळलं नव्हतं. त्यांनी थोडं थांबून पाहिलं, मग घड्याळाकडे पाहिलं, आणि कागदावर काहीतरी लिहून पुढं गेले.

बसस्टँडवर मैत्रिणीनं जर्नल उघडलं. तिलाही तसाच प्रश्न आला होता.

"हे पाह्य. मी तं सगळं असंच लिवलं. काहून लिवलं ते मले नाही मालूम."

अदलाबदल करायच्या ओळीत तिनं अख्खं स्ट्रक्चर उचललं होतं, नावासकट. मी फक्त उंचीचा आकडा उचलत होते. नाव बिचारं जागेवरच. एवढंच होतं. वही माझी, शिकवणी माझी, आणि पास ती होणार. मला तिचा राग आला, आणि मग त्या रागाचीच लाज वाटली. एसटीत मी तिच्यापासून लांबच्या सीटवर जाऊन बसले.

आई शाळेत खिचडी शिजवून नुकतीच आली होती.

"कसा गेला वं पेपर?"

"गेला."

"गेला म्हंजे? तोंड काहून उतरलं मंग?"

मी तिला काय सांगणार होते? एक ओळ चुकली म्हणून सांगितलं. ती म्हणाली, "एका ओळीनं काय होते?" आणि पाणी प्यायला आत गेली.

झालं ते एवढं. पहिल्या सत्राचे दोन विषय आधीच राहिले होते, त्यात हा तिसरा. पुढच्या वर्गात जायचं राहिलं. मैत्रीण दुसऱ्या वर्षाला गेली, यवतमाळला खोली करून राहिली. कधीमधी फोन करायची. मी दर वेळी कामात असल्याचं सांगायचे. वर्षभर मी घरी बसून होते. तो प्रोग्राम कागदावर कितीदा लिहिला, मोजलं नाही. दर वेळी बरोबर यायचा, आणि दर वेळी मी तो कागद फाडून टाकायचे.

पुढच्या परीक्षेला प्रश्न वेगळाच आला, सोपा. राहिलेले दोन विषयही निघाले, मी पास झाले. निकाल कळला तेव्हा आईनं माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवला. वर्षभर गिरवलेली ती एक ओळ कुणी विचारलीच नव्हती, मला रडू फुटलं. तिला वाटलं, पोरगी आनंदानं रडून राह्यली. मी तिला तसंच वाटू दिलं.