शिंपलेली चौकट

१४ मे २०२४, दुपारचे एक वाजून चाळीस मिनिटे. हिवरखेडला मोठ्या काकांच्या नांगरलेल्या वावरावर ड्रोन स्थिरावला आणि मी पडद्यावरचे तापमान वाचले. मग पुन्हा वाचले. जमिनीतल्या तापमापकापेक्षा आमचा कॅमेरा अकरा अंश कमी सांगत होता.

हा उष्णता टिपणारा कॅमेरा पुढे विमानातून अंदमानच्या समुद्रातील जागृत ज्वालामुखीवर जायचा होता. विवराच्या काठावर माणूस उभा राहू शकत नाही. तिथली धग वाढते आहे की ओसरते आहे, हे वरूनच वाचावे लागते. त्या वाचनातील चूक दुरुस्त करणारी पद्धत मी अमरावतीत दोन वर्षे खपून बसवली होती. अट एकच होती: तापलेल्या काळ्या जमिनीवरच्या चाचणीत फरक दोन अंशांच्या आत हवा. तसे झाले तर कॅमेरा विमानात आणि त्याच्यासोबत मी. नाही तर दुसऱ्या गटाचा कॅमेरा. अहवाल त्याच संध्याकाळी द्यायचा होता, आणि ड्रोनची परवानगीही तेवढ्या दिवसापुरतीच होती.

वऱ्हाडातील काळी माती मुळात लाव्ह्याच्याच खडकाची. मेमध्ये ती तापण्यात कसूर करीत नाही, म्हणून मी हे वावर निवडले होते.

भिंग पुसले, बॅटरी बदलली, आकडेमोड नव्याने केली. यात तासाच्या वर गेला. शेवटी चुन्याने आखलेल्या चौकटीत गुडघ्यांवर बसून एक ढेकूळ फोडले. वरून कोरडे, आतून ओले.

"काकू, इथं पानी कोनं टाकलं?"

"मीनंच शिपलं वं सकाऊन. तुह्ये अमरावतीचे सायेब लोक येनार, धूय उडन डोयात. तुहं यंत्र मातर नाई भिजू देलं. काहून, बिघडलं काय?"

निंबाखाली बसलेले काका हसले. "हिले घेऊनच जाय तिकडं. ज्वालामुखीवरबी सडा टाकून येते!"

मीही हसले; तेवढेच त्राण उरले होते. सकाळी चौकट आखून, तापमापक रोवून मी ड्रोन जोडायला घरी गेले तेवढ्यात काकूंनी पाणी शिंपले होते. तापमापकाभोवतीची माती त्यांनी जपून कोरडी ठेवली होती, आणि बाकीची चौकट ओलीमुळे गार झाली होती. कॅमेरा खरे तेच सांगत होता. ते अहवालात लिहून भागणार नव्हते.

वावराच्या दुसऱ्या टोकाला नवी चौकट आखली. पहाटे अमरावतीहून निघाल्यापासून पाठ टेकली नव्हती. ढेकळांतून चालताना घोटे मुरगळत होते. तापमापक रोवून, तो स्थिर होऊन, शेवटच्या बॅटरीवर ड्रोन चढेपर्यंत ऊन कलले. ढेकळांच्या सावल्या लांबल्या होत्या, आणि कॅमेरा त्याही मोजत होता.

काकू ताकाचा गिलास घेऊन आल्या. पडद्याकडे न पाहता त्यांनी माझ्याकडे पाहिले.

"जमलं काय बाई?"

"जमलं, काकू."

ताक एका दमात प्यायले, गिलास त्यांच्या हाती दिला आणि त्या निंबाकडे वळल्यावर नोंद केली.

फरक: २.३ अंश.